खिडकीतल्या सात बाटल्या

सभेचं बोलावणं आलं तेव्हा घूसकाका बांधाच्या उतारावर पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत एका बिळात होता.

"मामंजी, उद्या दहा वाजता," सुनेनं वरून हाक मारली. "सगळ्यांनी यायचंय. तुम्हीसुद्धा."

"आधी ते घमेलं सरकव इकडे."

सुनेनं पदर खोचला, चपला वर काढून ठेवल्या आणि घमेलं घेऊन जपून खाली उतरली. घमेल्यात मळलेली चिकणमाती होती, तिच्यात काचेचा चुरा कालवलेला. काकांनी मातीचा एकेक गोळा आत ढकलला, मग धुमस घेऊन वर ठोकलं. धप्, धप्, धप्. आवाज भरीव येईपर्यंत ठोकत राहिले.

"घूस परत आली, तर पहिल्यांदा काच लागते तिच्या नाकाला," ते म्हणाले. "मग दुसरीकडे घर बघते. कसली सभा?"

"पुढच्या पाच वर्षांची आखणी. शहरातून एक बाई येणार आहेत. आखणी करून दिली तरच मदत देणारे पुढे मदत देणार."

"मग करा की. मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही आपल्या कामाबद्दल बोलायचं. बाकी सगळं मी लिहून घेईन."

मुलगा शहरात नोकरीला होता; सून इथे संस्थेच्या कार्यालयात लिखापढी करायची. काका संस्थेचेच बांधराखे होते. चाळीस वर्षांपूर्वी हा तलाव राखायला म्हणूनच संस्था निघाली होती. कार्यालयाच्या पाटीवर अजून तलावाचं चित्र होतं. पुढे दवाखाना आला, शिवणवर्ग आला, वाचनालय आलं, रोपवाटिका आली. बांध मात्र मागे, जिथल्या तिथे, आणि त्याच्यामागे एकोणीस वर्षं काका. सकाळी अनवाणी निघायचे, पायथ्याच्या कडेकडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. डोळ्यांना दिसायच्या आधी मऊ माती तळपायाला कळते, असं त्यांचं म्हणणं. बीळ दिसलं की बुजवायचं. झाडाचं रोप उगवलं की बोटभर असतानाच उपटायचं. तलावाचं पाणी सोडायच्या मोरीला लोखंडी दार होतं, त्याच्या आट्यांना दर पंधरवड्याला वंगण. लोक त्यांना घूसकाका म्हणायचे. पहिल्यांदा चेष्टेनं, मग सवयीनं. आता त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

त्यांचं घर खालच्या वस्तीतलं पहिलंच. तीसेक घरं, सगळी ओढ्याच्या काठानं. अंगणात उभं राहून तलावाकडे पाहिलं की पाणी दिसत नसे, फक्त बांध दिसे, घराच्या कौलांहून उंच.

घराच्या त्या बाजूच्या खिडकीत काचेच्या सात बाटल्या असत.

नऊ वर्षांची नात, सगळे तिला भिंगरी म्हणत, रोज सकाळी आजोबांबरोबर एक बाटली घेऊन पायथ्याशी जायची. तिथे बांधाच्या पोटातून आलेली एक नळी होती आणि तिच्यातून पाझराचं पाणी करंगळीच्या धारेनं ओढ्यात पडायचं.

"आजोबा, बांध गळतोय म्हणजे बिघडलाच की."

"तुला घाम येतो का खेळून आल्यावर?"

"येतो."

"मग तू बिघडलीस का?" काका बाटली धारेखाली धरायचे. "मातीचा बांध आहे, पाझरणारच. फक्त एवढं बघायचं, पाणी जाऊ दे, माती जाता कामा नये. बाटली हलवायची नाही. आठवडाभर ठेवायची. तळाशी काही बसलं, तर समजायचं की बांध आतून स्वतःलाच खातोय."

"आणि नाही बसलं तर?"

"तर बाटली धुवायची आणि परत भरायची."

भिंगरीला ते पाठ झालं होतं. एकोणीस वर्षांत एकाही बाटलीच्या तळाशी काही बसलं नव्हतं.

*

सभा वाचनालयात झाली. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून मधे सतरंज्या अंथरल्या होत्या. शहरातून आलेल्या बाई लाघवी होत्या. सगळ्यांशी अहो-जाहो, बसायलाही सगळ्यांबरोबर खालीच. भिंतीवर मोठा पांढरा कागद. प्रत्येक कामाचं एक रंगीत कार्ड, त्यावर दोनच ओळी: काम काय, अडचण काय.

दवाखान्याची परिचारिका उभी राहिली आणि अडचणी मोजता मोजता तिच्या दोन्ही हातांची बोटं संपली. रोपवाटिकेच्या पोऱ्यानं सांगितलं, रोपं तयार आहेत, लावायला जागाच नाही. शिवणवर्ग चालवणारी शिंपीणबाई म्हणाली, सहा मशीन आणि चौदा पोरी, एकीच्या मांडीवर दुसरी बसवू का? सगळे हसले. सून खाली मान घालून कार्डं लिहीत होती.

"आता काका," बाई म्हणाल्या. "तुमच्या बांधाच्या अडचणी सांगा."

काका उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा होता, तरी हाताला चिकणमातीचा वास होता म्हणून हात पाठीमागे धरले.

"अडचण काही नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"एकोणीस वर्षं झाली. एक ढेकूळ हललं नाही." ते सांगताना त्यांची मान आपोआप ताठ झाली. "खालच्या वस्तीला विचारा. कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं असेल, तर मला जोड्यानं मारा."

टाळ्या पडल्या. संस्थेच्या चिटणीससाहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. सुनेनं एकदा सासऱ्यांकडे वर पाहिलं, पेन क्षणभर थांबलं, मग तिनं जे ऐकलं तेच लिहिलं: बांध. अडचण: काही नाही.

मग प्रत्येकाला तीन लाल टिकल्या मिळाल्या. जी कामं संस्थेनं पुढची पाच वर्षं धरून ठेवावीत असं वाटतं, त्यांच्या कार्डावर चिकटवायच्या. गर्दी झाली, ढकलाढकली झाली. काकांनी एक टिकली दवाखान्याला लावली, घरात बायकोचा गुडघा होता. एक वाचनालयाला, भिंगरीसाठी. तिसरी बोटावर घेऊन ते बांधाच्या कार्डासमोर उभे राहिले. त्यावर एकही टिकली नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "लावा की काका, घाबरताय काय?"

काकांना एकदम लाज वाटली. एवढ्या माणसांत स्वतःच्याच कामाला टिकली लावायची म्हणजे जेवायला बसून स्वतःच्याच ताटात आधी वाढून घेतल्यासारखं. त्यांनी ती टिकली रोपवाटिकेला लावली.

सुनेनंही लावली नाही. सासऱ्याच्या कामाला सुनेची टिकली म्हणजे लोक बोलतील, असं तिला वाटलं. आणि वस्तीतले जे होते, त्यांना वाटलं, बांधाचं काय, बांध आहेच.

मोजणी झाली. रोपं पहिली, दवाखाना दुसरा, शिवणवर्ग तिसरा. बांधाचं कार्ड बाईंनी अलगद काढून कागदाच्या अगदी खालच्या पट्टीत लावलं. पट्टीवर लिहिलं होतं: ठीक चाललेलं. लक्ष देण्याची गरज नाही.

घरी येताना सून म्हणाली, "मामंजी, काहीतरी सांगायचं होतं हो. मोरीच्या दाराचं, नळीचं, काहीही."

"खोटं सांगू?"

घराशी आल्यावर ती म्हणाली, "घमेलं फुटलंय, एवढं तरी."

*

महिन्याभरात आखणी छापून आली. गुळगुळीत कागद, प्रत्येक कामापुढे आकडा. रोपांपुढे पहिल्या वर्षी आठशे. चिटणीससाहेबांनी काकांना बोलावून घेतलं. टेबलावर हिरवा सदरा आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट ठेवले होते.

"बढती समजा काका. आता तुम्ही हिरवाई विभागात."

"आणि बांध?"

"बांध तर आहेच. उलट बांधावरच काम आहे. संस्थेच्या मालकीची दुसरी जागा आहे कुठे? आठशे खड्डे बांधाच्या उतारावर."

काकांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"साहेब, बांधात खड्डा खणत नाहीत."

"मुळं माती धरून ठेवतात. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"डोंगरावर धरतात. बांधावर नाही. मूळ मेलं की त्याची नळी होते. आणि खड्ड्याची माती मऊ, तिला पाणी घालणार, म्हणजे घुशीला पाटपाणीच मांडलं."

चिटणीस समजूतदारपणे हसले. "काका, भर सभेत तुम्हीच म्हणालात ना, अडचण काही नाही? एकोणीस वर्षांचा पक्का बांध. चार रोपांनी त्याला काय होतंय?"

काकांनी टेबलावरचे बूट उचलले. त्यांच्याच शब्दांनी त्यांना जागेवर बसवलं होतं.

मोरीचं दार फिरवायची लोखंडी दांडी एरवी काकांच्या घरात दारामागे असे. सामानाची यादी करायची म्हणून ती कार्यालयात जमा झाली. वंगणाचा डबाही. यादीत दोन्हींपुढे लिहिलं गेलं: वापरात नाही.

काकांनी खड्डे खणायला घेतले. सोबत रोजावरचे चार जण होते. पहिल्या दिवशी कुदळ उचलली आणि ती खाली येईना. रोजावरचा एकजण म्हणाला, "काय काका, मुहूर्त बघताय का?" मग त्यांनी मारली. ठोकून ठोकून दगडासारखी केलेली माती, तिच्यात फाळ गेला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दाढेत कळ गेली. दीड हात लांब, दीड हात रुंद, दीड हात खोल. दिवसाला चाळीस. संध्याकाळी घरी आले की बूट पायातून निघत नसत; बायको उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी ओढायची.

"पाय बघा कसे पांढरे पडलेत, भिजल्या कागदासारखे," ती म्हणाली. "अनवाणी होता तेच बरं होतं."

"सक्ती आहे. फोटो काढतात."

"तुमच्या पायांचा?"

"बुटांचा."

खाटेवर काकांची म्हातारी आई पडून असायची. कमरेखालचं अंग गेलेलं, कान मात्र तिखट. ती म्हणाली, "काय रे, दिवसभर धपधप ऐकू येत नाही हल्ली. ठोकणं बंद केलंस की काय?"

काकांनी बूट उचलून दारामागे ठेवले.

आठशे रोपं लागली. प्रत्येकाला काठी, प्रत्येक काठीला नंबराचा पत्रा. दोन-दोन बादल्या पाणी. फेरीला वेळ उरेना. बुटांतून पायाला काही कळेना. तरी सकाळी एक बाटली तेवढी चुकली नाही. ते काम भिंगरी आता एकटी करायची.

*

वरच्या डोंगरात पाऊस लागला आणि तलाव चढत गेला. भरला, काठोकाठ झाला. पाटीवरच्या चित्रासारखा दिसायला लागला. लोक संध्याकाळी बांधावर फिरायला यायला लागले, रोपांचे नंबर वाचायला लागले.

एका सकाळी भिंगरी खिडकीशी उभी होती. "आजोबा, मंगळवारची बाटली बघा."

काकांनी चूळ भरता भरता पाहिलं. मग चूळ टाकली, तोंड न पुसताच जवळ गेले आणि डोळे बाटलीच्या तळाशी नेले. तळाशी एक रेघ होती. नखाएवढी जाड. तांबूस, दुधावरच्या सायीसारखी सपाट.

"तू हलवलीस?"

"नाही. शप्पथ."

त्यांनी पांढरा दोरा घेतला आणि रेघेच्या उंचीवर बाटलीला बांधला. बुधवारची बाटली, दोऱ्याच्या वर. गुरुवारची, आणखी वर; तिलाही त्यांनी दोरा बांधला. त्या दिवशी ते कामाला बूट न घालता गेले. पायथ्याला, तीनशे नंबराच्या रोपांच्या रांगेखाली, तळपायाला माती लोण्यासारखी लागली. रोपांच्या आळ्यांमधून बिळं गेली होती, एक नाही, सात-आठ. त्यांनी हात घातला. खांदा टेकला तरी बोटांना शेवट लागला नाही. आत गार वारा होता.

ते तिथेच थोडा वेळ पडून राहिले. मग उठले, घरी आले, खिडकीतली गुरुवारची बाटली दोन्ही हातांत धरली आणि न हलवता, ताटात दिवा न्यावा तशी, कार्यालयापर्यंत चालत गेले.

नेमका तो सहामाही आढाव्याचा दिवस. शहरातल्या बाई आलेल्या, मदत देणारे दोघं आलेले. दारातच सून भेटली.

"मामंजी, आत्ता नको. आत पाहुणे आहेत."

"हे बघ."

तिनं बाटली पाहिली. लहानपणापासून पाहत नसली, तरी लग्न होऊन आल्यापासून दहा वर्षं ती या बाटल्या पुसत होती. तिचा चेहरा उतरला. "किती दिवसांचं?"

"दोन."

तिनं टेबलावरचा आढाव्याचा तक्ता उलटला. रोपं लावली किती, जगली किती. मुली शिकल्या किती. रुग्ण तपासले किती. ती वरून खाली बोट नेत गेली, पुन्हा खालून वर. "हे लिहू कुठे, मामंजी? बांधाला रकानाच नाही."

"मग तोंडी सांग."

"थांबा. मी साहेबांना बाहेर बोलावते."

काकांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि चिखलाचे पाय धुवायला मागच्या नळावर गेले. पाहुण्यांसमोर असे पाय घेऊन कसं जायचं? ते परत आले, तर ओट्यावर बाटली नव्हती. कार्यालयात चहापाणी बघणाऱ्या मावशी ट्रे घेऊन आतून येत होत्या.

"मावशी, इथली बाटली?"

"अहो, काय घाणेरडी होती! पाहुण्यांना दिसली असती. घासून लख्ख केली आणि पाणी भरून आत ठेवली. बाटल्या कमीच पडत होत्या बघा."

काका दारात गेले. बाटली टेबलाच्या मधोमध होती, तळाजवळ पांढरा दोरा तसाच. एका पाहुण्यानं तिच्यातून पेल्यात पाणी ओतून घेतलं.

"या काका," चिटणीस म्हणाले. "सूनबाई सांगतायत, तुम्ही पाझराचं पाणी दाखवायला आणलंय. कुठाय?"

काकांनी बाटलीकडे बोट केलं. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही.

चिटणीसांनी बाटली उजेडात धरली. "स्वच्छ तर आहे की!"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत. एखाद्या आवडत्या म्हाताऱ्याला हसावं तसे हसले. शहरातल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, काही अडचण आहे का?"

"आहे," काका म्हणाले. "बांध स्वतःला खातोय. तलावाचं पाणी उतरवा. आजच्या आज दार उघडा."

"भरलेला तलाव उतरवायचा?" चिटणीसांचा आवाज खाली आला. "उद्या पाहुण्यांना तो दाखवायचाय, काका. परवा बघू. मी स्वतः येतो."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते काकांना दिसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी पायथ्याहून पळत आली. तिच्या हातात बाटली होती. बाटलीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. गाळ बसायची वाट पाहावी लागणार नव्हती.

"धार किती?" काकांनी विचारलं.

तिनं आपलं मनगट दाखवलं.

सून कार्यालयाकडे धावली. किल्ली तिच्याकडेच होती. ती परत आली तेव्हा खांद्यावर लोखंडी दांडी होती आणि नव्या साडीवर गंजाचा पट्टा उमटला होता. दोघं मोरीच्या दाराशी गेले, दांडी बसवली, दोघांनी मिळून अंगाचा भार टाकला. दार एक आटा फिरलं. दोन. तिसऱ्यावर करकरलं आणि थांबलं. आट्यांवरचं जुनं वंगण सुकून खपली झालं होतं. सुनेनं पुन्हा जोर लावला, तिच्या तळहाताची साल निघाली. दार हललं नाही. पलीकडे मोरीतून पाणी यायला लागलं होतं खरं, पण एखाद्या पाटाला पुरेल एवढंच.

"पुरे," काका म्हणाले. "यानं आठवडा लागेल. चल घरी."

वस्तीत ऊन पडलं होतं. ओढ्याच्या घाटावर बायका धुणं धूत होत्या, पाणी पायऱ्यांच्या बरंच खाली होतं. काका घराघराच्या दारात उभे राहिले. "बाहेर पडा. शाळेच्या टेकडीवर चला. बांध धरत नाही आता."

"काका, सकाळी सकाळी काय हे?"

"जेवण चुलीवर आहे हो."

ओढ्यातल्या दगडावर उभी राहून शिंपीणबाई चादर आपटत होती. ती हसून म्हणाली, "अहो, एकोणीस वर्षं एक ढेकूळ हललं नाही. जोड्यानं मारा म्हणाला होतात भर सभेत. आणू का जोडा?"

बायका खळखळून हसल्या. काकांनी मान हलवली, जणू ती बरोबरच बोलली होती. मग ते वळले आणि घरात गेले.

म्हातारीनं विचारलं, "कुठे नेतोस?"

"वर. शाळेत."

"का रे?"

"ठोकणं बंद झालंय म्हणून."

म्हातारीनं खाटेच्या कडा घट्ट धरल्या. काकांनी डोक्याकडची एक बाजू घेतली, सुनेनं दुसरी. पायाकडे एका बाजूला बायको, गुडघा दाबत. चौथा पाय धरायला भिंगरी काखेत बाटली धरून वाकली, पण खाट तिच्याच्यानं उचलवेना. ती बाजू खाली घासत, मातीवर रेघ ओढत खाट अंगणाबाहेर आली. घरातलं दुसरं काही त्यांनी घेतलं नाही. दार उघडंच राहिलं.

बायकांचं हसू हळूहळू कमी झालं. सहा वर्षांत म्हातारी उंबऱ्याबाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती.

शिंपीणबाईनं चादर पिळायला उचलली. पांढरी चादर. तिच्यावर मधोमध तांबूस डाग होता. तिनं ती परत पाण्यात बुडवली, चोळली, वर काढली. आता ती सगळीच तांबूस होती. तिनं चादरीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग वर बांधाकडे. नंबराच्या पत्र्यांच्या सरळ रांगा उन्हात चमकत होत्या. तीनशेच्या रांगेत मात्र चार-पाच पत्रे रांग सोडून खाली आलेले दिसत होते, आणि ती पाहत असतानाच आणखी एक, काही घाई नसल्यासारखा, सावकाश, खाली सरकला.

चादर ओढ्यातून वाहत गेली. शिंपीणबाई ओल्या पायांनी धावत आली, भिंगरीला बाजूला केलं आणि खाटेचा चौथा पाय उचलला.

"पोरी," ती भिंगरीला म्हणाली, "घराघरात जा. काही समजावत बसू नकोस. नुसती बाटली दाखव."

भिंगरी पळाली. खाट आता सरळ झाली होती आणि टेकडीच्या वाटेला लागली होती. त्यांच्या मागे दारं उघडल्याचे आवाज येत होते, एक, मग दोन, मग बरीच. काका वळून पाहत नव्हते. ते अनवाणी होते, आणि वाट खडकाळ होती, तरी तळपायाखालची जमीन त्यांना थरथरल्यासारखी लागत होती.

ओढा घाटाच्या पहिल्या पायरीवर आला होता.